उत्तर आले, पण कितव्या अंकापर्यंत खरे?

संपादक महोदय,
स. न.

ठाणे-नवी मुंबईत गणिताचे एम.एस्सी. करणाऱ्या काही मुलांना पुढे न्यूमरिकल ॲनालिसिसमध्ये (गणिताची उत्तरे आकडेमोडीने जवळपास काढण्याच्या शास्त्रात) पीएच.डी. करून प्राध्यापकी करायची असते. वर्गात मात्र हा विषय कॅल्क्युलेटरवर चार दशांश स्थळांची कोष्टके भरण्यापुरता उरतो. समीकरणाचे मूळ काढणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीच्या तीन फेऱ्या, विकलक समीकरणे सोडवणाऱ्या रुंगे-कुट्टाची दोन पाने, की झाले. चूक किती आणि ती आली कुठून, हा विषयाचा गाभा. त्यावर प्रश्न क्वचितच येतो.

क्ष² − 10,00,00,000 क्ष + 1 = 0 हे समीकरण घ्या. नेहमीचे सूत्र संगणकाला दिले की लहान मूळ 0.00000000745 येते, खरे आहे 0.00000001. चूक पाव हिश्श्याची, आणि संगणक चकार शब्द काढत नाही. तो जेमतेम 16 सार्थ अंक धरतो. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्या वजा झाल्या की खरे अंक कटतात, उरतो तो गाळ. उपाय दहावीच्या बीजगणितातलाच: मोठे मूळ सूत्राने काढा, मुळांचा गुणाकार 1, म्हणून लहान मूळ भागाकाराने.

दुसरे उदाहरण दाराशीच आहे. ठाणे खाडीतल्या भरतीचे गणित मांडताना सोयीसाठी खोली 5 मीटर धरू. लाट सेकंदाला साधारण 7 मीटर सरकते. गणितासाठी खाडीवर चौकटींचे जाळे कल्पून वेळ टप्प्याटप्प्याने पुढे नेतात. जाळ्याचे घर 50 मीटरचे असेल, तर साध्या पद्धतीत एका दिशेचाच विचार केला तरी वेळेची पायरी 7 सेकंदांच्या आत हवी, म्हणजे एका पायरीत लाट एका घरापलीकडे जाणार नाही. 10 ची घेतली की थोड्याच पायऱ्यांत पडद्यावर खाडी डोंगराएवढी उसळते. ऐरोलीच्या पुलाखाली पाणी संथच असते! ही अट कूरां, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी 1928 मध्ये, आजच्यासारखे संगणक नसताना मांडली. घर 25 मीटरचे केले की पायरीही निम्मी होते. लांबी-रुंदी धरली तर काम आठपट.

म्हणून प्रात्यक्षिकात उत्तर माहीत असलेले उदाहरण घेऊन जाळ्याचे घर तीनदा निम्मे करायला लावावे आणि दर वेळची चूक लिहून घ्यावी. द्वितीय कोटीच्या, म्हणजे चूक घराच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात घटणाऱ्या, पद्धतीत ती दर वेळी चौथाई व्हायला हवी. निम्मीच होत असेल तर कुठेतरी गोम आहे, बहुधा सीमेवरच्या अटीत. ही गोम शोधता आली की विद्यार्थी संशोधनाच्या उंबरठ्यावर आला म्हणायचे.

पीएच.डी.ची इच्छा असणाऱ्यांनी फंक्शनल ॲनालिसिस (फलनांच्या अवकाशांचा अभ्यास) अवघड म्हणून टाळू नये. क्षेत्राचे छोटे तुकडे करून समीकरण सोडवणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीची चूक किती याचे उत्तर, उत्तर आहे आणि ते एकच आहे याची हमी देणाऱ्या लॅक्स-मिलग्रामच्या प्रमेयापासून सुरू होते. नुसता प्रोग्रॅम चालवता येणे म्हणजे हा विषय येणे नव्हे. प्राध्यापकीच्या पात्रतेच्या नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात गाउस-सायडेल, स्प्लाइन, रुंगे-कुट्टा या पद्धती आहेतच, पण तिथे पर्याय निवडायचा असतो, चूक हुडकायची नसते.

चूक कशी हुडकली, हे तोंडी परीक्षेत विचारावे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळते, आणि वरचे दोन्ही प्रयोग जुन्यापान्या संगणकावरही होतात.

— गणिताचा एक प्राध्यापक, ठाणे (पश्चिम)