तो प्रवासी डबा नव्हे, गार्डाचा डबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात तुम्ही जुन्या लाकडी रेल्वेडब्याचा फोटो छापला आहे. ताजा लाल रंग, पुढ्यात शाळेची मुलं आणि खाली ओळ, 'गायकवाडी काळातला प्रवासी डबा'. नातवानं मोबाइलवर मोठा करून दाखवला तेव्हाच म्हटलं, हे पॅसेंजरचं काम नव्हे. डाव्या टोकाला उघडा सज्जा आहे, त्यात उभा लोखंडी दांडा आणि वर आडवं चाक. तो हातब्रेक. म्हणजे हा गार्डाचा डबा, कारखान्यात आम्ही ज्याला ब्रेकव्हॅन म्हणायचो तो. फोटोखालची ओळ दुरुस्त करावी, ही पहिली विनंती. दुसरी जरा लांबते.

मी 36 वर्षं रेल्वेत सुतार होतो, त्यातली बहुतेक नॅरोगेजच्या डब्यांवर गेली. लोकांना इंजिनाचं कौतुक असतं, असावंही. पण शेवटच्या डब्यात कोण असतं विचारलं तर 'हिरवा झेंडा दाखवणारा' यापुढे कुणाची गाडी जात नाही. तो तिथे शोभेला नव्हता. सगळ्या डब्यांना एकदम लागणारा व्हॅक्युमचा ब्रेक येण्याआधी गाडी थांबवायची म्हणजे इंजिनाचा ब्रेक आणि गार्डाचं हे चाक, यांवरच भिस्त. ड्रायव्हरनं शिट्टी दिली की गार्डानं चाक आवळायचं. चढावर डबे जोडणारं कपलिंग तुटलं तर मागचे डबे उलटे घरंगळणार, त्यांना धरून ठेवणारा हाच. म्हणून त्याची जागा शेपटाला. आणि स्टेशनवरून गाडी गेली की मास्तर मागची 'एल.व्ही.'ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल', शेवटचा डबा, अशी पाटी बघायचा, रात्री लाल दिवा. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत डबे सुटले नाहीत. 2022 पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. माझ्या तोंडी ते काही बसत नाही.

बडोद्याला तरी या डब्यांचं अगत्य असायला हवं. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोई ते मियागाम ही अडीच फुटी लाईन टाकली तेव्हा डबे बैल ओढत होते. इंजिनं नियमित धावायला लागली ती नंतर. पुढे डभोईहून इतक्या दिशांना फाटे गेले की नॅरोगेजचं सगळ्यात मोठं जंक्शन म्हणून त्याचं नाव झालं. लालबागेत प्रतापविलास राजवाड्यात 1952 पासून देशभरचे रेल्वे अफसर शिकायला येतात, प्रतापनगरला हेरिटेज पार्क आहे. आजोबांच्या श्राद्धाला आम्ही चांदोदला गेलो ते याच छोट्या गाडीनं. डभोईला गाडी उभी असताना गार्डानं मला सज्ज्यात चढू दिलं, चाकाला हात लावू दिला. आईनं मात्र खाली उभं राहून माझ्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

आता लाकडाकडे येतो. या डब्यांचा खालचा सांगाडा लोखंडी, वरचा सागवानी. सागात स्वतःचं तेल असतं म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण पाणी साचून राहिलं तर सागही कुजतो, आणि कुजतो तो नेमका न दिसणाऱ्या जागी. खांब जिथे खालच्या तुळईत बसतो तिथे, खिडकीच्या चौकटीच्या तळाला, छपराच्या कडेला. छपराच्या फळ्यांवर जुन्या काळी जाड कॅनव्हास सफेत्यात बसवायचे. (हा सफेता म्हणजे शिशाचा पांढरा रंग, विषारी. आज कुणी हौसेनं वापरू नये.) कॅनव्हास फाटला की डबा वरून पाणी प्यायला लागतो.

फोटो पाहून राहवेना, म्हणून बुधवारी स्कूटर काढून डबा बघून आलो. चौकीदारानं आत सोडलं, चहाही पाजला. सज्ज्याच्या खांबावर पटाशीच्या मुठीनं ठोकत खाली आलो. वर आवाज खणखणीत, गुडघ्याच्या उंचीला बद्द, आणि तळाशी आवाजच नाही. तिथे टोचा बोटभर आत गेला. बाहेर आलेला भुगा ओला होता, भर मे महिन्यात! बाजूला हिरवळ आहे, तिला रोज पाइपनं पाणी घालतात आणि त्यातलं निम्मं डब्याच्या पायाशी जातं. चाकं सिमेंटच्या ओट्यात रोवलेली, पाणी निघून जायला वाटच नाही. मी काही बोलण्याआधी चौकीदार म्हणाला, "काका, दर वरसे रंग तो मारे छे." मारतात ना, तेच तर दुखणं आहे. दर वर्षी ऑइलपेंटचा थर चढतो, आतल्या ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही, आणि लाकूड रंगाच्या आतच सडतं. बाहेरून नवरदेव, आतून भुसा. भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलीत, एका ठिकाणी तर चक्क सिमेंटनं.

रंगाआधी मशीननं घासतात, हे आणखी वाईट. आमचे एक मिस्त्री जुना डबा घासायला घेण्याआधी कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी जागा पटाशीनं थर-थर खरवडून बघायचे. एकदा लाल निघाला, खाली करडा, त्याखाली मातकट, आणि तळाशी पिवळ्या रंगातला अर्धा आकडा. डब्याचा जुना नंबर! त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली तरी कुणी उठेना.

पुतणी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. तिकडे या डब्याला कबूस म्हणतात. मालगाड्यांचे पल्ले लांबचे, म्हणून आत शेगडी, झोपायला बाकं, लिखापढीचं टेबल आणि छपरावर काचेची खोपटी. तिच्यात बसून पुढच्या डब्यांवर नजर ठेवायची, कुठे बेअरिंग तापून धूर निघतोय का ते बघायचं. मागून इंजिन लावून ढकलताना लाकडी सांगाड्याचे कबूस चिरडायचे, म्हणून काही राज्यांनी कायद्यानं लोखंडी सांगाडा सक्तीचा केला. 1980 च्या दशकात शेवटच्या डब्याला लुकलुकणारी पेटी आली आणि कबूस मोडीत निघाले. पण लोकांनी ते उचलून जपले. पेनसिल्व्हेनियातल्याच स्ट्रासबर्गजवळ 1970 पासून कबूसमध्ये राहायचं लॉजच आहे. आपण लॉज करू नये, बडोद्याच्या उन्हात त्यात कोण झोपणार?

माझं म्हणणं एवढंच की आधी छप्पर, मग रंग. चार खांब आणि वर साधा पत्रा, चारी बाजूंनी चांगला पुढे आलेला, म्हणजे तिरका पाऊस लागणार नाही. हिरवळीचा पाइप दुसरीकडे न्यावा, ओटा फोडून खाली खडी घालावी. मग डबा पुढचा अख्खा उन्हाळा नुसता वाळू द्यावा. त्यानंतर कुजलेलं तेवढंच कापून नवा साग जोडावा, नव्या तुकड्याच्या पाठीवर दुरुस्तीचं साल कोरावं, आणि निघालेले जुने तुकडे भंगारात देऊ नयेत. हे स्वस्तात होईल असं मी म्हणणार नाही, सागाचा भाव मला ठाऊक आहे. पण पत्र्याचं छप्पर तर स्कूटर-स्टँडलाही असतं.

त्या आवाराच्या साहेबांपर्यंत हे पोचलं, तर यंदाचा रंग तेवढा थांबवावा. टोचा आणि पटाशी घेऊन मी केव्हाही येईन. गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही, छपराचं एखाद्या तरण्या पोरानं बघावं.

आपला,
एक निवृत्त रेल्वे सुतार
प्रतापनगर, बडोदे