गरोदर मातांना डांग्या खोकल्याची लस सरकारी दवाखान्यात कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदरपणात ‘इम्युनिटी’ कशी वाढवावी, याचे सल्ले हल्ली पुरवण्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून इतके येतात की बाईने जेवायचे कधी, असा प्रश्न पडावा. काढे, चूर्णे, आता तर गोळ्यासुद्धा. आईची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते हे खरेच. पण ती सरसकट वाढवली की बाळाचे भले होते, हे कुणी सांगितले?

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. नोकरीच्या सुरुवातीला धनुर्वाताने गेलेली बाळे पाहिली आहेत. जन्मताच खणखणीत रडलेले, दोन दिवस अंगावर नीट प्यायलेले बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढेनासे होते. जबडा आवळतो, नुसता हात लावला तरी आकडी येते. नाळ विळ्याने कापलेली, वर शेण नाहीतर राख. अशा बाळाला लस टोचायला वेळच नसतो. ती टोचायची आईला, बाळ पोटात असताना. तिच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, त्यातली बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईपेक्षाही जास्त सापडतात. अपुऱ्या दिवसांचे मूल मात्र त्यांना मुकते. हे इंजेक्शन आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांच्या जोरावर २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन केल्याचे जाहीर झाले.

पण गाडी तिथेच अडली. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ‘टीडी’ मिळते, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला त्यात नाही. बाळाला त्याविरुद्धचा पहिला डोस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीमधून मिळतो, तोही दीड महिन्याचे झाल्यावर. आणि हा रोग सर्वांत घातक असतो तो याच वयात. इतक्या लहान बाळाला ढास लागेलच असे नाही. श्वास थांबतो, ओठ निळे पडतात, आणि घरच्यांना वाटते दूध ठसकले.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या डांग्या खोकल्याच्या साथीत १४ तान्ही बाळे दगावली. त्याच ऑक्टोबरपासून तिथे गरोदर मातांना डांग्या खोकल्याची लस सुरू झाली आणि तीन महिन्यांखालच्या बाळांना तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. आपल्या शेजारी बांगलादेशातही, आईला दिलेल्या फ्लूच्या लसीमुळे सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांमधला फ्लू ६३ टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आता ‘इम्युनिटी वाढवा’वाल्यांसाठी. अमेरिकेत यास्मिन बेलकाइद या प्रतिकारशक्तीच्या अभ्यासिकेच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. गाभण माद्यांना सौम्य जंतुसंसर्ग झाला. जंतू पिलांपर्यंत पोचले नाहीत, पण आईच्या शरीरात वाढलेल्या आयएल-६ या एका रसायनाने पिलांच्या आतड्याची घडणच बदलली. ही पिले मोठेपणी पोटाच्या संसर्गाला चांगली तोंड देत होती, मात्र त्यांच्या आतड्याला सूजही जास्त येत होती. उंदरांचे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्य. तरी आईच्या शरीरातली खळबळ फुकटात वरदान ठरत नाही, एवढे त्यातून दिसते. लसीचे तसे नाही: नेमका रोग, मोजका डोस, ठरलेली वेळ.

‘टीडॅप’ म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची लस. ती खासगी दवाखान्यात मिळते, ऐपत असेल तर. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानासाठी गरोदर बायका प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. त्यातल्या सातव्या महिन्यातल्या बाईला टीडीच्या दुसऱ्या डोसाऐवजी टीडॅप देता येईल. शीतपेटी तीच, सिस्टर तीच, कार्डही तेच. अडते ते किमतीपाशी. राज्याच्या आरोग्य खात्याने या खर्चाचा हिशेब मांडला आहे का, आणि मांडला असेल तर तो कुठे आहे, हे आपल्या वार्ताहरांनी खात्याला विचारावे, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा