फोटोतलं बोडकं झाड

प्रिय विनू,

फोटो मिळाला. खाली लिहिलंयस, 'कुणी केली रे या झाडाची ही दशा?' दशा नाही रे, ते वैरणीचं झाड आहे! पश्चिम नॉर्वेत फिरतोयस म्हणजे ॲश किंवा एल्म असणार. माणसाच्या डोक्याच्या जरा वर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर शेंडा छाटायचा आणि मग दर चार-सहा वर्षांनी तिथूनच फुटलेल्या फांद्या उतरवायच्या. म्हणून खोडाच्या माथ्यावर ती गाठाळ मूठ दिसते. बुंध्यापाशी तोडलं असतं तर कोवळे धुमारे शेळ्यांनीच फस्त केले असते. खाली कुरण, वर वैरण.

ही रीत फार जुनी. स्वित्झर्लंडमध्ये थायंगन-वायरला नवाश्मयुगातल्या गोठ्यांच्या अवशेषांत पाला नि डहाळ्या सापडल्यात.

मी एकदा नॉर्वेतल्याच एका शेतकऱ्याच्या हाताखाली दिवसभर हे काम केलंय. उन्हाळा उतरणीला लागलेला, पानं अजून हिरवी. तो शिडीवर, मी खाली. डहाळ्यांचे बुडखे एका बाजूला घेऊन कवेत मावेल तेवढी पेंढी करायची, बर्चची ओली काडी पिळून आवळायची. माझी पहिली पेंढी त्याने उचलली, मधली एकच डहाळी उपसली आणि सगळा पसारा माझ्या पायाशी! 'सुकल्यावर पाला आकसतो, तेव्हा हिचं काय होईल?' एवढंच म्हणाला. वाळलेल्या पेंढ्या हिवाळ्यात मेंढ्यांपुढे टाकायच्या. त्या पाला खातात, साल कुरतडतात, उरल्या काटक्या चुलीत.

आणि गंमत म्हणजे छाटलेलं झाड न छाटलेल्यापेक्षा बहुधा जास्त जगतं. माथा हलका, वारा धरत नाही. पोटात ढोली पडली तरी भोवतीचं जिवंत लाकूड त्याला उभं ठेवतं आणि त्या ढोलीत वटवाघळं, भुंगेरे नांदतात.

वाईट वाटतं ते छाटणी थांबल्याचं. विकतचं पशुखाद्य आलं, शिडीवर चढायला माणसं उरली नाहीत. फांद्या जाड होत जातात आणि एखाद्या वादळात पोकळ खोड उभं चिरतं. बरं, आता एकदम सगळ्या तोडाव्यात तर म्हातारं झाड तो धक्का सोसेलच असं नाही. थोड्या थोड्या करत काही वर्षांत उतरवाव्या लागतात. तुझ्या फोटोत डावीकडची फांदी मांडीहून जाड दिसतेय.

पुन्हा त्या वाटेने गेलास तर मागच्या बाजूने एक फोटो काढ. त्या फांदीच्या बेचक्यात चीर आहे का, ते बघायचंय मला.

तुझा,
अरुण