अण्णा, टेपचे दुसरे टोक तुम्ही त्यांच्या हाती दिलेत

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात गुत्तेदाराचा दुसरा धनादेश वटला आणि दीड वर्ष चाललेले आमच्या घराचे प्रकरण मिटले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही त्यातला अर्धाच घेतलात आणि मी आभाराचा शब्द काढताच तुरीच्या भावाकडे वळलात. समोर बसून जे बोलू दिले नाहीत ते म्हणून लिहून कळवते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे, कारण औसा तालुक्यातल्या गावागावांत गळका स्लॅब आणि फुगलेले बिल घेऊन बसलेली माणसे मला माहीत आहेत.

किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ नंतर, सासऱ्यांनी जुने माळवद उतरवून घातलेला स्लॅब तीस वर्षांनी झिरपू लागला होता. त्यावर नवा कोबा, बाहेरून गिलावा आणि न्हाणीघराची दुरुस्ती असे ४,२०,००० रुपयांचे अंदाजपत्रक ठरले, दर शंभराच्या बाँडवर लिहिले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये काम सुरू झाले. जूनमध्ये हाती आलेले बिल मात्र ६,१०,००० रुपयांचे होते. आम्ही ३,४०,००० दिले होते. उरलेले २,७०,००० रुपये आठ दिवसांत द्या, असा निरोप मुकादमाकडून आला, आणि त्याच आठवड्यातल्या पहिल्या मोठ्या पावसात स्वयंपाकघराच्या छतातून पाणी टपकू लागले.

मी तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीने. पुण्याच्या मैत्रिणीने लघुवाद न्यायालयात जा म्हणून सुचवले होते आणि मी सहा लाखांच्या भरपाईचा मसुदाही लिहून आणला होता. तुम्ही तो वाचलात, चष्मा काढलात आणि विचारलेत, "बाई, यात राग किती आणि काम किती?" मला ते तेव्हा लागले, हे आज कबूल करते. लघुवाद न्यायालय आपल्या जिल्ह्यात नाही, घराचे बांधकाम ही कायद्याने सेवा आहे आणि त्यातल्या उणिवेची दाद जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मागता येते, तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, मोबदला पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही, हे सगळे तुम्ही दहा मिनिटांत सांगितलेत. त्यानंतरचे तीन रविवार मात्र तुम्ही मोजणीत घालवलेत.

त्या मोजणीला तुम्ही गुत्तेदाराला बोलावलेत, याचा मला संताप आला होता. ते स्वतः आले नाहीत, मुकादमाला पाठवले, आणि तुम्ही टेपचे दुसरे टोक त्यांच्या हाती दिलेत. बिलात बाहेरचा गिलावा २४ ब्रास, म्हणजे २,४०० चौरस फूट, लावला होता. दारे-खिडक्या वजा करून तो १७ ब्रास भरला. वहीत प्रत्येक माप लिहिताना तुम्ही ते मोठ्याने वाचत होतात आणि मुकादम मान डोलावत होते. जिन्यावरच्या लहान झरोक्यांची वजावट मी करायला लागले तेव्हा तुम्ही मला थांबवलेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडिपीची गिलाव्यातून वजावट करत नाहीत, तो हक्क गुत्तेदाराचा आहे, असे म्हणालात. मुकादमांनी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे नीट पाहिले. दिवस मावळताना वहीच्या प्रत्येक पानावर त्यांनी सही केली, ती या झरोक्यांमुळे केली असावी, असे मला अजूनही वाटते.

मग तुम्ही भिंत वाजवलीत. लाकडी मुठीने टकटक करत तुम्ही पुढे सरकत होतात, जिथे बद्द आवाज येई तिथे मी खडूने गोल काढत होते, आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत गोलांनी भरून गेली. विटा न भिजवता गिलावा चढवला आणि वर पाणी मारले नाही की तो भिंत सोडतो, हे तुम्ही समजावून दिलेत. गच्चीवर पन्हाळीची तोंडे गोणपाटाच्या बोळ्यांनी बुजवून आपण दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवले. बोळे काढल्यावरही कोपऱ्यात पाणी तसेच राहिले, कारण दहा फुटांना निदान सव्वा इंच ढाळ हवा तिथे तो उलटा भिंतीकडे होता.

मोजणीनंतर आम्ही पाठवलेल्या नोटिशीच्या उत्तरात गुत्तेदारांनी लिहिले की मालकांनी पाणी पुरवले नाही, म्हणून गिलावा वाळला. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात हे कोणालाही पटेल, आणि करारातही पाणी आम्हीच द्यायचे होते. माझा धीर तिथेच खचला असता. तुम्ही फक्त विचारलेत की टँकरच्या पावत्या कुठे आहेत. सासूबाई स्वयंपाकघरातल्या तारेला दुधापासून विजेपर्यंतची प्रत्येक पावती टोचून ठेवतात. त्यातून अकरा टँकरच्या पावत्या तारखांसह निघाल्या आणि चारांवर मुकादमांचीच सही होती.

अहवाल मात्र तुम्ही दिला नाहीत. "मी तुमचा शेजारी, माझा कागद कोण मानील?" असे म्हणून मला दुसऱ्या, अनोळखी अभियंत्यांकडे पाठवलेत आणि त्यांना आपली वही दाखवू नका, त्यांना स्वतः मोजू द्या, असेही बजावलेत. त्यांनी दुरुस्तीचा खर्च १,६४,००० रुपये काढला. नोव्हेंबरात शपथपत्रासह तक्रार दाखल झाली. गुत्तेदारांना म्हणणे मांडायला कायद्याने तीस दिवस आणि आयोगाने मुभा दिल्यास आणखी पंधरा दिवस मिळतात, ते त्यांनी घेतले. निकालाला अकरा महिने लागले. त्यातले दोन माझ्या अपुऱ्या प्रतींमुळे आणि पान क्रमांक न टाकल्यामुळे गेले.

सगळ्यात जड गेले ते तक्रारीतले एक वाक्य. कठड्याची उंची वाढवणे आणि टाकीचा ओटा ही जादा कामे खरोखर झाली होती, आणि ती मीच तोंडी सांगितली होती. त्यांचे ३१,००० रुपये आम्ही देणे लागतो, हे तुम्ही मला माझ्याच हाताने लिहायला लावलेत. आयोगाने हिशेब तिथूनच मांडला. करारातले काम जवळपास अंदाजपत्रकाइतके भरले होते, त्यातले राहिलेले ८०,००० आणि हे ३१,००० असे १,११,००० दुरुस्तीच्या खर्चातून वजा झाले. आम्हाला ५३,००० रुपये, मानसिक त्रासापोटी १०,००० आणि खर्चापोटी ५,००० मिळाले. सहा लाखांचा मसुदा मी जपून ठेवला आहे. हसू येते वाचताना. गुत्तेदारांनी अपील केले नाही आणि दोन हप्त्यांत पैसे दिले. मध्यंतरी बाजारात भेटले तेव्हा त्यांनी नमस्कारही केला, आणि तो मला घेता आला.

अण्णा, तुमचे मनापासून आभार. सासूबाईंचाही नमस्कार. तुमचा टेप अजून माझ्याकडेच आहे. मागच्या गल्लीतल्या एका बाईंना नव्या खोलीची मापे घ्यायची आहेत आणि त्यांनी तो मागितला आहे. तुमची हरकत नसेल तर रविवारी त्यांच्याकडे जाते आणि सोमवारी आणून देते.

आपली नम्र,
शेजारची बाई