मनू, गाडी मलाही चालवता येते

क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, त्या वाळवंटात बाबांना काही झालं तर तू काय करशील?" मी उत्तर द्यायच्या आतच रेंज गेली. तशीही ही गोष्ट दोन वाक्यांत उरकण्यासारखी नव्हती, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी बाबांच्या डोळ्याचं. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात जास्त आहे, उजव्यात नुकता सुरू झालाय. फेब्रुवारीत फिनिक्सला ऑपरेशन ठरलं आहे. तोवर त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. ट्रक मीच चालवते, आणि मागे फिफ्थ व्हील, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, जोडलेलं असलं तरीही मीच चालवते.

हे तुला ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. नीट जमल्याशिवाय सांगायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. पुढे चालवणं त्या मानाने सोपं. वळताना मागची चाकं आतून कापत येतात, म्हणून चौकात बरंच पुढे जाऊन मग वळवायचं, आणि आपलं घर जवळजवळ तेरा फूट उंच आहे हे पूल दिसला की आठवायचं. अवघड ते रिव्हर्स. मागे जोडलेली गाडी आपल्या मनाच्या उलट जाते. शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर, मग हात ज्या बाजूला नेशील त्याच बाजूला गाडीचं शेपूट जाईल. तेवढ्यावर माझी भीती गेली. इथल्या मोकळ्या माळावर दगडांच्या दोन रांगा मांडून मी रोज सकाळी सराव केला. हिच, म्हणजे घर ट्रकला जोडणारा सांधा, लावणं, ब्रेकची तार जोडणं, मग ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून पकड बसली की नाही ते बघणं, सगळं आता मी एकटी करते. बाबा शेजारी उभे असतात, पण बोलत नाहीत. त्यांना ते किती जड जातं, मला दिसतं.

मी हे शिकले त्याला कारण आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळीत कॅनडाचं एक जोडपं होतं. नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. तो हॉस्पिटलमध्ये, आणि बायको त्या प्रचंड बसमध्ये एकटी, जिच्या चाकामागे ती कधीच बसली नव्हती. मुलगा विमानाने येईपर्यंत ती आणि तिचं घर जागच्या जागी अडकून पडले. इथे अशा बायका पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसून नकाशा बघतात. मी भेटेल तिला सांगते, निदान पंधरा मैल तरी रोज तू चालव.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: रात्री काही झालं तर आधी ९११ला, म्हणजे आपत्कालीन मदतीला, फोन, आणि त्यांनी सांगितलं तर मी ट्रक सोडवून बाबांना स्वतः नेईन. पार्करचं हॉस्पिटल इथून पस्तीसेक मैलांवर आहे. रस्ता मी दिवसाही आणि अंधारातही चालवून पाहिलाय.

मेडिकेअर या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचंही एकदा सांगून टाकते. तू म्हणतेस तो मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजचा खासगी कंपनीचा स्वस्त प्लॅन एका जागी राहणाऱ्यांना ठीक असेल. त्यात बहुतेक डॉक्टर घराच्या पत्त्याभोवतीच्या जाळ्यातले लागतात, आणि आमचा पत्ता साउथ डकोटातली टपाल पुढे पाठवणारी एक पेटी आहे. आम्ही मूळचं मेडिकेअर आणि त्यावर मेडिगॅप हा पूरक विमा घेतलाय. महिन्याला जास्त पैसे जातात, पण मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. शिवाय एकदा मेडिगॅप सोडलं तर पुन्हा घेताना बहुतेक राज्यांत विमा कंपनी आधी तब्येत तपासू शकते. या वयात तो धोका मला नको.

रोजचं म्हणशील तर सगळा संसार पाण्याभोवती फिरतो. टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटर. इथे ला पोसाला, या सरकारी तळावर, नळजोड नाही की वीजजोड नाही. सरकारी नळावरून कॅन भरून आणायचे. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, अंघोळीचं पाणी गरम होईपर्यंत येणारं गार पाणी पातेल्यात. माझं बालपण लातूरचं, त्यामुळे हे मला शिकावं लागलं नाही. २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुझा मामा फोनवर एकेका घागरीचा हिशोब सांगायचा, तो मी अजून विसरले नाही. बाबांना मात्र बेसिनचा नळ सोडून दाढी करायची सवय होती. त्यावरून आमची खडाजंगी झाली, आणि या घरात रुसून बसायला दुसरी खोली नाही. एकाने बाहेर चालायला जायचं, तेवढाच उपाय.

टाक्या रिकाम्या करायचं कामही आता माझ्याकडे आहे. आधी संडासची, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. घाण वाटत नाही. घर आपलं आहे.

वाईट दिवसही येतात. नोव्हेंबरात स्लाइड, म्हणजे खोलीचा बाहेर सरकणारा भाग, बाहेरच अडकली. मोटर फिरेना, वारा सुटलेला, आणि हॅंडलने ती आत घेता घेता संध्याकाळ झाली. त्या रात्री बाबा म्हणाले, विकून टाकू. मी काही बोलले नाही. अर्णवच्या वाढदिवसाला फोनच लागला नाही, त्या दिवशी मलाच वाटलं की पुरे झालं. थंडीत रात्री पारा पार खाली जातो आणि माझी बोटं आखडतात.

आणि काल संक्रांत होती. तिळगूळ केला, शेजारणींना बोलावलं, खुर्च्या शेकोटीभोवती मांडल्या आणि प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. वाण म्हणून इथल्याच बाजारात मिळणारे रंगीत दगड दिले. एका आजींनी विचारलं, नवरा नसलेली बाई चालते का? मी त्यांना पहिलं कुंकू लावलं. तुझ्या आजीच्या घरात हे झालं नसतं. इथे मला ते करता आलं, याचा मला फार आनंद आहे.

बाबा रोज सकाळी हाय जॉलीच्या थडग्याकडे फिरायला जातात. खरं नाव हाजी अली. १८५६ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने उंट आणले, त्यांच्याबरोबर तो ऑटोमन मुलखातून आला, आणि १९०२ मध्ये इथेच वारला. दगडाचा छोटा पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. परदेशातून येऊन या मातीत मिसळलेल्या माणसाशी बाबांचं काहीतरी जुळलंय.

आता थांबायचं कधी, ते. टेक्सासात लिव्हिंग्स्टनला चाकांवरच्या घरांत राहणाऱ्यांच्या एस्केपीज क्लबचं केंद्र आहे. प्रवास झेपेनासा झाला की सभासद तिथे आपल्याच आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतात, जेवण आणि देखभाल मिळते. चांगली सोय आहे, पण ती आमच्यासाठी नाही. शेवटी आम्हाला तुमच्या जवळ राहायचंय. आमचा नियम असा: दोघांनाही सगळं करता येतंय तोवर हे घर चाकांवर. एकाला जमेनासं झालं की दुसऱ्याच्या जिवावर ओढायचं नाही. म्हणून ऑपरेशननंतर बाबांना चालवण्याइतकं दिसलं नाही, तर १५ एप्रिलला इथला हंगाम संपताच निघू आणि न्यू जर्सीला तुझ्याजवळ भाड्याची जागा बघू. बाबांनी याला होकार दिलाय, मनापासून दिलाय. दिसलं, तर उन्हाळ्यात साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत.

ऑपरेशनला तू येऊ नकोस, रजा वाया जाईल. मार्चच्या सुट्टीत अर्णवला घेऊन ये. टेबल खाली उतरवलं की त्याचा पलंग होतो. येताना गोडा मसाला आण, आणि त्याचे बंद बूट, इथे काटे फार आहेत.

तुझी,
आई