आई-बाबा, या वर्षी रोज बायबलमधलं एक स्तोत्र सोबत वाचूया

हर्णै,
2 जानेवारी

ती. आई-बाबांस,
प्रभूच्या नावाने सप्रेम नमस्कार.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा फोनवर देऊन झाल्या, पण जे सांगायचं होतं ते राहिलंच. आई "जेवलीस का" विचारते, इकडे मुलं फोन ओढतात, आणि बाबा दोन वाक्यांत "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, डोळ्यांना ताण देऊ नका, आईकडून वाचून घ्या.

गेल्या वर्षी पहिल्या तारखेपासून मी शास्त्र उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, क्रमाने वाचायला घेतलं. पूर्ण बायबलचे 1189 अध्याय; रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पुरे होतात. लहानपणी तुम्ही रात्री दिवा लावून वाचून घ्यायचात, पण ते निवडक असायचं. सगळं सलग वाचताना वेगळंच कळतं. लेवीय या पुस्तकात मन रमत नाही, गणना पुस्तकातल्या याद्या संपता संपत नाहीत, हे खरं आहे. तरी मी पुढे गेले, आणि ऑगस्टात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या मध्यावर आले. त्याच आठवड्यात बाबा बागेत चक्कर येऊन पडले.

त्या रात्रीपासून उशिरा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. हर्णैहून वेंगुर्ल्याला यायचं तर अख्खा दिवस जातो. शाळेची रजा, मुलांच्या परीक्षा, सगळ्याची जुळवाजुळव करून मी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हाच विचार डोक्यात. तुम्ही दोघं एकटे, शेजारचं घर मुंबईकरांचं, वर्षभर बंद. आई, तुझे गुडघे असे, रात्री बाबांना उठवायचं झालं तर कोण?

तेव्हा वाचनात यशयाचा 46वा अध्याय आला. त्यातलं चौथं वचन आपल्या उपासना मंदिरात वृद्धांसाठीच्या प्रार्थनेत कितीदा ऐकलंय: तुमचे केस पिकले तरी मी तोच, मी तुम्हाला वागवीन. पण त्याच्या आधी काय आहे ते मी कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. तिथे बाबेलचे देव, बेल आणि नबो, जनावरांच्या पाठीवर लादलेले आहेत. जनावरं थकली आहेत, ओझ्याखाली वाकली आहेत. आणि लगेच परमेश्वर आपल्या लोकांना म्हणतो, आईच्या पोटापासून मी तुम्हाला उचलून आणलंय, म्हातारपणापर्यंत मीच उचलणार. म्हणजे प्रश्न एवढाच आहे की कोण कोणाला उचलतंय. मी तुम्हा दोघांना एकटीने पाठीवर घेतल्यासारखी जगत होते, आणि तुम्हाला तर सत्तर वर्षं दुसऱ्याच कोणीतरी उचलून आणलेलं आहे. त्या रात्री मी खूप रडले आणि मग झोपले. बाबा बरे झाल्याचं कळायला अजून वेळ होता, तरी झोपले. मला जे सांगायचंय ते हेच आहे.

भरवसा म्हणजे भीती जाणं, असं मला वाटायचं. शास्त्र सलग वाचल्यावर तसं दिसत नाही. 56व्या स्तोत्रात दाविद म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. भीती आणि भाव एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या तोंडी. 13वं स्तोत्र "किती वेळ?" या प्रश्नानेच सुरू होतं, आणि 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. असली स्तोत्रं देवाने आपल्या पुस्तकात राहू दिली, कोणी काढून टाकली नाहीत, याचा मला फार आधार वाटला. तक्रार त्याच्यापाशी करणं हाही भरवसाच आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं वादळ मी इथे हर्णैत राहून वाचलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही दार धरून बसलो होतो, माडांचा कडकडाट ऐकत. सगळं शांत झाल्यावर बाहेर आलो तर नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, त्याचा तडाखा तुमच्या बाजूला बसला. इथले तांडेल आभाळ पाहून होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेतात. त्यांना वादळ कळतं. येशूच्या होडीतही काही जण मासेमारच होते. त्यांची भीती अडाण्याची नव्हती, जाणत्यांची होती. आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. ते त्याला हाक मारून उठवतात, "गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का?" वादळ शमवल्यावर तो त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो हे खरं, पण आधी वादळ शमवतो. घाबरलेल्यांची हाक त्याने आधी ऐकली.

बाबा, तुमच्या आंब्याच्या कलमांचा मोहोर कसा आहे? इथे दोन दिवस ढगाळ आहे आणि मला तुडतुड्यांची धास्ती वाटते, तुम्हाला तर किती वाटत असेल. तुम्ही हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय जरूर वाचा, शेवटची तीन वचनं. अंजीर फुलत नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतून फसलं, शेतात धान्य नाही, कोंडवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आणि एवढ्या नुकसानीच्या यादीनंतर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे लिहिणारा बागायतदाराचं दुःख ओळखून होता. अवकाळी पावसाने मोहोर झडला त्या वर्षी तुम्ही रविवारी मंदिरात पेटीवर बसलात आणि नेहमीसारखं गायलात. मी तेव्हा लहान होते, तुमचा आवाज तेवढा आठवतो. आता वाचताना तो अर्थासकट आठवला.

एक मात्र स्पष्ट सांगते, रागावू नका. देवावर भरवसा आहे म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे मला पटत नाही. लूक, ज्याने शुभवर्तमान लिहिलं, तो वैद्यच होता. मकरसंक्रांतीनंतर मी रजा काढून येते, आपण डॉक्टरांकडे जाऊन तारीख घेऊ. बी.पी.ची गोळी चुकवू नका. आई, तूही.

आणि बाबा, "आता आमचा काय उपयोग" असं तुम्ही हल्ली म्हणता, ते मला फार लागतं. 71वं स्तोत्र बघा. माझी शक्ती सरते आहे, मला टाकू नकोस, असं म्हणणारा तो म्हातारा पुढे काय मागतो? येणाऱ्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस. त्याच्याकडे अजून काम आहे. तुमच्याकडेही आहे, तुमचे दोन नातू इथे आहेत, त्यांना त्या मोहोर झडलेल्या वर्षाची गोष्ट माझ्याकडून नको, तुमच्याकडून हवी.

तर माझी विनंती. 1842 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका तरुण पाळकाने, रॉबर्ट मरे मॅक्शेनने, आपल्या मंडळीसाठी वर्षाच्या वाचनाचं कोष्टक केलं, ते आजही जगभर वापरतात. पण त्यात त्याने धोकेही लिहून ठेवले: वाचन नुसती रीत होऊन बसेल, वाचलं म्हणून स्वतःचंच कौतुक वाटेल, भार पेलवणार नाही. त्याने ते लिहिलं हे मला आवडतं. म्हणून तुम्हाला 1189 अध्यायांचं ओझं देत नाही. रोज एक स्तोत्र, तिघांनी मिळून. स्तोत्रं 150 आहेत. आत्ता सुरुवात केली तर जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, पूर्ण होतात. 119व्याला 176 वचनं आहेत, ते आपण काही दिवसांत वाटून घेऊ; 117वं दोनच वचनांचं, त्या दिवशी गप्पा जास्त.

रात्री नऊला मी फोन करीन, तो स्पीकरवर ठेवा. आई, मोठ्या अक्षरांचं बायबल मी पार्सलने पाठवलं आहे, ते येईपर्यंत जुनंच घे. पहिलं स्तोत्र तू वाच, दुसरं मी. बाबांनी प्रार्थना करायची, आणि ती दोन वाक्यांत आटपायची नाही.

मुलांचा आजी-आजोबांना नमस्कार. धाकटा विचारतोय, आजोबा काजू कधी पाठवणार.

तुमची लाडकी,
लेक