न दुखणारी गाठ निर्धोक नव्हे

लाळग्रंथींच्या गाठींवरील आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखात ‘गाठ दुखत नसेल तर काळजी नको’ असे म्हटले आहे. हे पटणारे नाही. कर्करोगाची गाठही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. कानापुढच्या ग्रंथीतल्या सुमारे ८० टक्के गाठी साध्या असतात, हे खरे. पण टाळूवरच्या छोट्या ग्रंथींत सुमारे निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात. म्हणून डॉक्टरांनी आधी गाठीची जागा पाहावी, मग रुग्णाला प्रश्न विचारावेत. सूज जेवताना वाढून नंतर उतरत असेल तर बहुधा लाळेच्या नळीतला खडा. गाठीचा जेवणाशी संबंध नसतो. वर्षानुवर्षे तेवढीच असलेली गाठ अलीकडे झपाट्याने वाढली का? डोळा नीट मिटत नाही, ओठाचा कोपरा उतरला, जीभ बधिर झाली, तर गाठीमुळे नस बाधित झाल्याची शंका घ्यावी. तोंड वाकडे झाले की ‘वारे गेले’ म्हणून औषध सुरू होते आणि कानापुढे कोणी बोट लावून पाहत नाही! हमखास राहून जाणारा प्रश्न मात्र वेगळाच: पूर्वी डोक्याच्या किंवा चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग काढला होता का? तो कानापुढच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) पसरू शकतो. डोके-मानेला पूर्वी किरणोपचार झाले होते का, हेही त्याच दमात विचारावे.